आजोबांच्या मोटारीचे मूळ आरसी बुक: द्यावे, की जपावे?

वाचकाचे पत्र: आमच्या आजोबांनी १९५६ साली नवी घेतलेली हिंदुस्थान लँडमास्टर अजून आमच्याकडे आहे आणि ती चालू स्थितीत आहे. आजोबा १९९१ साली गेले, वडील गेल्या वर्षी गेले. गाडी कागदोपत्री आजही आजोबांच्याच नावावर आहे. व्हिंटेज वाहन म्हणून तिची नोंदणी करावी असे मी आणि माझ्या बहिणीने ठरवले आहे. एका एजंटाने मूळ आरसी बुक मागितले आणि ‘नवीन कार्ड मिळेल, जुन्याचे काय करायचे’ असे तो म्हणाला. त्या बुकात आजोबांची सही आहे, १९६७ साली इंजिन बदलल्याची नोंद आहे, कितीतरी शिक्के आहेत. ते हातातून जाऊ द्यायला मन तयार होत नाही. एक मित्र म्हणतो की बुक हरवले असे लिहून दे, डुप्लिकेट काढ आणि मूळ बुक घरी ठेव. विक्रेत्याची मूळ पावती, कराच्या पावत्या आणि विम्याचे काही जुने कागदही आहेत. काय करावे?

सप्रेम नमस्कार.

आपल्या मित्राचा सल्ला आधी बाजूला ठेवू, कारण बाकीचा विचार त्यानंतरच नीट करता येईल. बुक घरात असताना ते हरवले म्हणून पोलिसांत तक्रार देणे आणि नमुना २६ मध्ये डुप्लिकेटचा अर्ज करणे म्हणजे खोटे निवेदन करणे आहे, आणि त्यासोबत प्रतिज्ञापत्र दिले तर तो सरळ गुन्हा आहे. शिवाय यात एक व्यावहारिक मूर्खपणाही आहे, तो मित्राच्या लक्षात आलेला दिसत नाही. जुन्या कागदाचे मोल तो दाखवता येण्यात असते. व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी तपासणाऱ्या समितीसमोर, उद्याच्या खरेदीदारासमोर, एखाद्या प्रदर्शनाच्या परीक्षकासमोर किंवा आपल्या पुढच्या पिढीसमोर तो उघडपणे ठेवता आला पाहिजे. सरकारदरबारी ‘हरवलेले’ बुक आपण यांपैकी कोणासमोर काढणार? ते जपण्यासाठी म्हणून ते कायमचे लपवावे लागेल, आणि गाडीच्या सत्तर वर्षांच्या स्वच्छ इतिहासात पहिली खोटी नोंद आपल्या हातून होईल.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम घातले. त्यानुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि मोठा फेरफार न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने व्हिंटेज ठरतात. अर्ज नमुना २० मध्ये करायचा असतो. त्यासोबत विम्याची पॉलिसी व शुल्क लागते. आयात केलेल्या गाडीला बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीचा सीमाशुल्क खात्याकडचा कागद, लागतो, आणि भारतात आधीच नोंदलेल्या गाडीला जुने नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजेच आपले आरसी बुक, लागते. नवीन नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि त्यानंतरच्या पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये आहे. अर्ज मान्य झाल्यास साठ दिवसांत नमुना २३-अ मध्ये प्रमाणपत्र द्यावयाचे असते. तेव्हा बुक दाखवावेच लागेल, हे मनाशी पक्के करा. एजंट तेवढ्यापुरते खरे बोलला. ‘जुन्याचे काय करायचे’ हे त्याचे वाक्य मात्र मला मान्य नाही.

कारण त्याच नियमांत आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाची सवलत आहे आणि ती या बुकावरच उभी आहे. जी गाडी पूर्वीच नोंदलेली आहे तिला तिचा मूळ नोंदणी क्रमांक कायम ठेवता येतो. ज्या गाडीची नोंदणी नव्याने होते तिला राज्याचे संकेताक्षर, मग ‘व्हीए’ ही अक्षरे, त्यापुढे दोन अक्षरांची मालिका आणि ०००१ ते ९९९९ मधला एक आकडा असा नवा क्रमांक मिळतो. आपल्या घरातल्या जुन्या छायाचित्रांत आजोबा ज्या पाटीशेजारी उभे असतील, ती पाटी गाडीवर राहणार की अल्बममध्येच राहणार, याचा निकाल बुकाच्या आधाराने लागेल. बुक नसलेल्या, केवळ सांगोवांगी माहिती असलेल्या गाड्यांचे मालक याच एका गोष्टीसाठी वर्षानुवर्षे हळहळताना मी पाहिले आहेत.

दुसरे कारण आपल्या पत्रातच, जाता जाता आलेल्या अर्ध्या वाक्यात आहे: १९६७ साली इंजिन बदलल्याची नोंद. लँडमास्टरला मुळात १,४७६ सीसीचे साइड-व्हॉल्व्ह इंजिन असे. पुढे अॅम्बेसेडरला १,४८९ सीसीचे ओव्हरहेड-व्हॉल्व्ह इंजिन आले, आणि नंतर ते सुटे मिळू लागल्यावर अनेकांनी आपल्या लँडमास्टरमध्ये तेच बसवून घेतले, कारण ते अधिक ताकदीचे होते आणि त्याचे भाग सहज मिळत. आपल्या गाडीत असेच झाले असण्याची शक्यता मोठी आहे. व्हिंटेजच्या व्याख्येत चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल नसावा अशी अट आहे, त्यामुळे तपासणी करणारी समिती याबद्दल विचारणारच. त्या वेळी आपल्या हाती काय असेल यावर पुष्कळ काही ठरेल. नव्या कार्डावर आणि संगणकातल्या नोंदीत फक्त आजचा इंजिन क्रमांक असतो. तो कधी आला, त्याआधी कोणता होता आणि हा बदल तेव्हाच्या अधिकाऱ्याने रीतसर नोंदवला होता की नाही, हे सगळे सांगणारा आपल्या हाताशी असलेला कागद एकच आहे आणि तो आपल्या कपाटात आहे. ही नोंद लपवू नका, उलट अर्जासोबतच्या निवेदनात स्वतःहून तिचा उल्लेख करा. साठ वर्षांपूर्वी कायदेशीरपणे झालेला, त्याच कंपनीच्या इंजिनाचा बदल आणि परवा कोणीतरी गुपचूप घातलेले परके इंजिन यांतला फरक समिती जाणते, पण तो फरक तिच्यासमोर कागदाने मांडावा लागतो. निर्णय तिचा असेल. मूळ साइड-व्हॉल्व्ह इंजिन घराच्या अंगणात कोठे पडले असेल तर ते भंगारात देऊ नका, हे वेगळे सांगायला नको.

आता देणे आणि जपणे यांचा मेळ कसा घालायचा ते पाहू. अर्जाला कागद जोडणे, पडताळणीसाठी मूळ कागद दाखवणे आणि तो कायमचा जमा करणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एजंट या तिन्हींना एकाच शब्दात ‘द्या’ म्हणतो. आपण स्वतः प्रादेशिक परिवहन कार्यालयात जाऊन, संबंधित अधिकाऱ्याला यांतले नेमके काय अपेक्षित आहे ते विचारा. नवे प्रमाणपत्र देताना जुने परत घेण्याची रीत समजण्यासारखी आहे, कारण एकाच गाडीची दोन जिवंत प्रमाणपत्रे बाजारात फिरली तर फसवणुकीला वाव मिळतो. म्हणून आपण मागायचे ते असे की, नवे प्रमाणपत्र दिल्यानंतर जुन्या बुकावर ‘रद्द’ असा शिक्का मारून, हवे तर कोपरा कापून, ते वाहनाची ऐतिहासिक नोंद म्हणून परत मिळावे. ही विनंती आहे, हक्क म्हणून दरडावून मागण्याची गोष्ट नव्हे. मात्र ती अर्जाच्या दिवशीच लेखी द्या आणि तिच्यावर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. काम झाल्यावर खिडकीपाशी उभे राहून तोंडी केलेल्या विनंतीला कोणी हिंग लावून विचारत नाही, आणि त्यात त्या कारकुनाचाही दोष नसतो, कारण तोपर्यंत बुक एखाद्या गठ्ठ्यात बांधलेले असते.

ही मागणी काही जगावेगळी नाही. जर्मनीत नवे कागद देताना जुने वाहनपत्र निकामी केल्याची खूण करून मालकाला परत देण्याची पद्धत रूढ आहे. ब्रिटनमध्ये तर नोंदीतून सुटलेल्या जुन्या गाडीचा मूळ क्रमांक पुन्हा मिळवण्यासाठी जुने लॉगबुक, म्हणजे तिकडचे नोंदणीपुस्तक, हाच मुख्य पुरावा धरला जातो. ज्यांच्याकडे ते नसते त्यांना दुसऱ्या पुराव्यांच्या मागे फार धावावे लागते. रद्द झालेला कागद म्हणजे रद्दी, ही आपल्याकडची समजूत आहे. कायद्याचे काम संपले तरी पुराव्याचे काम संपत नाही.

विनंती मान्य होईल अशी आशा ठेवावी, पण तयारी ती नाकारली जाईल असे धरूनच करावी. म्हणून बुक घराबाहेर काढण्याआधी त्याची संपूर्ण रंगीत प्रत करून घ्या. संपूर्ण म्हणजे मुखपृष्ठ, मलपृष्ठ, कोरी पाने, शिवणीजवळच्या कडा आणि पानांच्या पाठीमागे उमटलेले शिक्केसुद्धा. निदान ६०० डीपीआयवर स्कॅन करा आणि पानाशेजारी मोजपट्टी ठेवून एक संच घ्या, म्हणजे कागदाचा आकारही नोंदला जाईल. मोबाइलच्या स्कॅनिंग अॅपवर काम भागवू नका. ती अॅप पान पांढरेशुभ्र करण्याच्या नादात फिकट जांभळे शिक्के आणि पेन्सिलीच्या खुणा पुसून टाकतात, आणि नेमके तेच आपल्याला हवे असते.

त्यानंतर त्याच कार्यालयाकडून प्रमाणित प्रत मागा. घरच्या झेरॉक्सवर स्वतः सही करणे आणि ज्याच्या ताब्यात मूळ नोंद आहे त्या अधिकाऱ्याने ‘मूळाबरहुकूम’ म्हणून शिक्का देणे यांत पुराव्याच्या दृष्टीने जमीनअस्मानाचे अंतर आहे. सार्वजनिक दस्तऐवजाच्या प्रमाणित प्रतीला न्यायालयात जे स्थान पूर्वीपासून होते, ते १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. बुकाबरोबर कार्यालयाच्या जुन्या हस्तलिखित नोंदवहीतील आपल्या गाडीच्या पानाचीही प्रत मागा. त्या काळात बुक आणि नोंदवही या एकाच माहितीच्या दोन बाजू होत्या, आणि बुकातले एखादे अक्षर पुसट झाले असेल तर ते नोंदवहीत सापडू शकते. साध्या अर्जावर ती मिळाली नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली रीतसर अर्ज करा. त्यावर साधारणतः तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. गाडी आता दुसऱ्या कार्यालयाच्या हद्दीत असेल तर ही नोंदवही मूळ नोंदणी जेथे झाली तेथेच मिळेल, हे ध्यानात ठेवा.

हे करताना बुकातली माहिती प्रत्यक्ष गाडीशी ताडून पाहा. चॅसिस क्रमांकाच्या पट्टीवर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्या आणि तो बुकातल्या क्रमांकाशी अक्षर अन् अक्षर जुळवा. शाईच्या टाकाने लिहिलेल्या नोंदीत १ आणि ७ यांची गल्लत सर्रास होते, आणि अशी चूक पन्नास वर्षे कोणाच्या नजरेस आलेली नसते. ती आढळली तर बुकावर स्वतःच्या हाताने एक टिंबही दुरुस्त करू नका. खाडाखोड केलेले खरे बुक हे खोट्या बुकासारखेच दिसते. चूक लेखी दाखवून द्या आणि दुरुस्ती अधिकाऱ्याच्या हातून, नव्या नोंदीतच होऊ द्या.

बुक सादर करायला स्वतः जा. सोबतच्या पत्रात ‘आरसी बुक, एक’ एवढेच लिहू नका. त्याचा क्रमांक, एकूण पाने, शेवटची नोंद कोणत्या पानावर आहे आणि मुखपृष्ठाची अवस्था कशी आहे हे सर्व लिहा आणि पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. एजंटाची मदत घेण्यास माझी हरकत नाही. अर्ज भरणे, चकरा मारणे ही कामे तो आपल्यापेक्षा लवकर करेल. पण मूळ बुक त्याच्या पिशवीतून जाऊ नये. तो अप्रामाणिक असेल असे मी म्हणत नाही. त्या पिशवीत त्याच दिवशी आणखी पंधरा जणांची कागदपत्रे असतात, एवढेच मला दिसते.

या सगळ्याआधी मालकीचा प्रश्न सोडवावा लागेल, आणि आपल्या पत्रात मला खरी अडचण तेथे दिसते. गाडी आजोबांच्या नावावर आहे. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ मध्ये नाव बदलण्याचा अर्ज करायचा असतो. ती मुदत कधीच उलटून गेली आहे, त्यामुळे विलंबाचे शुल्क भरावे लागेल. पण आपण फक्त स्वतःचा आणि बहिणीचा उल्लेख केला आहे. आजोबांनी मृत्युपत्र केले नसेल आणि त्यांना हिंदू उत्तराधिकार अधिनियम लागू होत असेल, तर १९९१ साली ही गाडी एकट्या आपल्या वडिलांकडे आली नाही. आजी तेव्हा हयात असतील तर त्या, वडील आणि वडिलांचे भाऊ-बहीण या सर्वांकडे समान हिश्श्याने आली. आपल्याला आत्या किंवा काका असतील तर त्यांची, आणि ते नसतील तर त्यांच्या वारसांची, लेखी संमती किंवा हक्कसोडपत्र घ्यावे लागेल. आईचीही लागेल, कारण वडिलांच्या हिश्श्यात ती वारस आहे. ‘आत्या कशाला नाही म्हणेल’ असे आपल्याला वाटत असेल आणि ते खरेही असेल, पण हे त्यांना आत्ताच, प्रेमाने आणि गाडी दाखवून विचारा. व्हिंटेजची पाटी लागल्यावर गाडीची किंमत वर्तमानपत्रात वाचून विचारणे सुरू झाले की त्याच प्रश्नाचा सूर बदलतो. वारसाचे हस्तांतरण आणि व्हिंटेज नोंदणी यांचा क्रम कसा लावायचा हे कार्यालयात आधी विचारून घ्या, म्हणजे बुक दोनदा हाताळावे लागणार नाही.

नोंदणीनंतर गाडी रोजच्या वापरात काढता येणार नाही, व्यावसायिक कामाला तर नाहीच. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर येईल. तेव्हा गाडीत नवे प्रमाणपत्र आणि विमा ठेवा. जुने बुक परत मिळाले तर ते गाडीच्या खणात ठेवू नका. उन्हात तापणारा आणि पावसाळ्यात घाम येणारा तो पत्र्याचा डबा कागदाचा शत्रू आहे.

बुक लॅमिनेट तर मुळीच करू नका. हे मी ऐकीव सांगत नाही. फार पूर्वी एका जुन्या मोटारीची विक्री पावती मी हौसेने लॅमिनेट करून आणली होती. उष्णतेने शाई पसरली, प्लॅस्टिक पिवळे पडले आणि आता ते कागदापासून सोडवता येत नाही. चिकटपट्टी, स्टेपलरची पिन, रबर बँड यांचाही परिणाम थोड्याफार फरकाने तोच होतो. आम्लरहित कागदाच्या पाकिटात किंवा पॉलिएस्टरच्या पारदर्शक पिशवीत, आडवे आणि कोरड्या जागी ठेवा. पीव्हीसीची चकचकीत पिशवी टाळा, ती काही वर्षांत शाई ओढून घेते. बुकाची शिवण सुटली असेल तर घरी शिवू नका, कागद जपण्याचे काम करणाऱ्या जाणकाराकडे द्या.

राहता राहिली विक्रेत्याची पावती, कराच्या पावत्या आणि विम्याचे जुने कागद. हे मूळ कागद नियमाने मागितलेले नाहीत, तेव्हा ते देऊ नका. कोणी ‘असू द्या, सोबत जोडा’ म्हणाले तर प्रती जोडा. करांच्या पावत्या सालवार लावून पाहा. गाडी कोणत्या वर्षी कोणत्या गावी होती आणि कोणती वर्षे उभी होती हे त्यांतून उलगडते, आणि थकबाकीचा प्रश्न निघाला तर उत्तरही त्यांतच मिळते. विक्रेत्याच्या पावतीवर मूळ इंजिन क्रमांक असण्याचा बराच संभव आहे. तो बुकातल्या १९६७ पूर्वीच्या क्रमांकाशी जुळला, तर समितीसाठी लिहायच्या निवेदनाचे पहिले वाक्य आपल्याला मिळाले म्हणून समजा. पावती आजच काढून पाहा.